पीटीचा तास कोण पळवतं?

('बाईंचा तास' हे वाचकांच्या प्रश्नांचं सदर. उत्तरं देणाऱ्या बाई रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झाल्या.)

बाई, सप्रेम नमस्कार.

मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ३७. चार वर्षांपूर्वी आम्ही पुण्याचं बिऱ्हाड हलवून सासरच्या घरी आलो. मिस्टर घरूनच कंपनीचं काम करतात. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. दोघांना मी घरीच शिकवते.

पहाटे साडेपाचला उठते. नाश्ता, केर-पोतेरं, मग नऊ ते एक अभ्यास. मध्येच उठून कुकर लावायचा. मुलांना आणि सासूबाईंना वाढून मी जेवते तेव्हा कधी अडीच वाजतात, कधी तीन. चार वाजता चहा आणि दोन-तीन खारी. संध्याकाळी वाचन, चित्रकला, रात्रीचा स्वयंपाक, उद्याच्या धड्याची तयारी. चार वर्षांत वजन नऊ किलो वाढलं. कंबर धरते. गेल्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली तर ६.१ आली.

व्यायामाला वेळ कुठून काढू? सासूबाई म्हणतात, "घरात एवढी कामं पडल्येत, वेगळा व्यायाम कशाला? आम्ही कधी केला गो?" आणि पावसाळ्याचे चार महिने तर उंबऱ्याबाहेर पाय टाकता येत नाही. काही सुचवाल का?

एक आई, गुहागर तालुका

तुमचं पत्र वाचलं आणि मला आमच्या शाळेतले गणिताचे सर आठवले. शुक्रवारी शेवटचा तास माझा, नववी 'अ'ला. पोरं बुटांच्या नाड्या बांधून तयार असायची आणि सर हातात खडू घेऊन दारात उभे. "बाई, पोर्शन राहिलाय हो. आजच्या दिवस तुमचा तास द्या." आजच्या दिवस म्हणजे जून ते मार्च! मी देत गेले. माणूस सज्जन, शिकवायचे जीव तोडून, नाही कसं म्हणायचं? पण ३१ वर्षांत एकदाही कुणी येऊन म्हटलं नाही की बाई, आज माझा तास तुम्ही घ्या.

तुमच्या घरच्या शाळेत गणिताचे सर तुम्हीच आणि पीटीच्या बाईही तुम्हीच. सर रोज तास मागतात, बाई रोज देऊन टाकतात. तुमचा वेळ जातो तो तिथे.

आधी त्या 'नऊ ते एक'चं बघू. माझ्या वर्गात ४८ मुलं असायची आणि तास ३५ मिनिटांचा. हजेरी, विसरलेल्या वह्या, "बाई, हा मला चिमटे काढतो", यातून शिकवायला वीस मिनिटं हाती लागली तर तो दिवस चांगला. तुमच्यासमोर दोनच मुलं आहेत. एवढ्या वयाच्या मुलांना समोर बसवून दोन-अडीच तास नीट शिकवलं तर पुष्कळ झालं, असं माझं शिक्षकी मत. पुढचा दीड तास तुम्ही मुलांसाठी घेत नसून स्वतःची भीती घालवायला घेता. 'शाळेत न जाणारी पोरं' असं गावात कुणीतरी बोललेलं असतं, त्याला ते उत्तर असतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला बसायलाही वयाची किमान १४ वर्षं पुरी लागतात. तुमच्या थोरल्याच्या हातात अजून पाच वर्षं आहेत. साडेअकराला पाटी मिटा.

आता वेळापत्रक. माझा तास गेला कारण तो शेवटचा होता. शेवटचा तास कुणीही उचलून नेतं. तुमचा पीटीचा तास पहिला ठेवा: साडेआठ ते नऊ, तिघांनी मिळून, पुस्तक उघडायच्या आत. आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास म्हणजे १५० मिनिटं झाली. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान एवढीच सांगितली आहेत. मुलांना मात्र रोज सरासरी तासभर धावपळ हवी, ती त्यांची ती भरून काढतील.

करायचं काय? तुमच्या भागात घरापासून रस्त्यापर्यंत पाखाडी असणारच. चिऱ्याच्या पायऱ्यांची चढण फुकट मिळत असताना मैदान शोधत कशाला फिरायचं? चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. थोरल्याने तीन-तीन पायऱ्यांना पाढा म्हणायचा, धाकटीने नुसत्या मोजायच्या. दम किती लागावा याची माझी जुनी खूण अशी: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं म्हणता आलं तर तुम्ही रमतगमत चालताय. बोलताच येईना झालं तर जरा हळू घ्या.

सासूबाईंना उलट बोलू नका, त्या त्यांच्या जागी बरोबर आहेत. त्यांनी रहाटाने पाणी शेंदलं, जात्यावर दळलं, डोक्यावरून गवताचे भारे आणले, गुडघाभर चिखलात लावणी केली. त्यांना वेगळा व्यायाम लागत नव्हता. आता विहिरीला पंप आला, दळण गिरणीत गेलं, वाटण मिक्सरमध्ये. कामातला जड भाग निघून गेला आणि ओट्यापाशी उभं राहणं तेवढं उरलं. चार तास ओट्यापाशी उभं राहिलं की माणूस दमतो, पण छातीचा ठोका काही वाढत नाही. तुमची कंबर त्यानेच धरते, असा माझा कयास. हा हिशोब सासूबाईंना एकदा विचारून बघा. "तुमच्या वेळी दिवसाला किती कळश्या पाणी काढायचात?" एवढंच विचारा, पुढचं त्या स्वतःच सांगतील.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायामही हवा, कारण तिशीनंतर वापरले नाहीत तर स्नायू हळूहळू झडत जातात. खर्च काही नाही. पडवीतल्या बाकावर बसायचं, हात न टेकता उठायचं, दहा वेळा. भिंतीला हात लावून दंड, दहा वेळा. दोन्ही हातांत अर्ध्या भरलेल्या कळश्या घेऊन अंगणाच्या दोन फेऱ्या. थोडं थांबून हेच पुन्हा. कंबर दुखते आहे तोवर वाकून जड उचलायचं नाही, कळशी बाकावरून उचला.

आणि समुद्र! गुहागरकडची माणसं किनाऱ्यावर पाहुण्यांना घेऊन जातात, स्वतः वर्षवर्ष वाळूत पाय ठेवत नाहीत. मीही त्यातलीच होते. ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर चालण्यासारखं सुख नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत पोटऱ्या भरून येतात, तिथे सुरुवातीला जाऊ नका. ओहोटी कधी, हे मुलांना काढायला लावा. समुद्रावर जाणाऱ्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊला, ओहोटी. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती, त्या दिवशी किनारा विसरा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, तेव्हा संध्याकाळी पाच-साडेपाचला वाळू मोकळी. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतं, पण रोज पाऊण तासाहून थोडी उशिरा सरकणारी भरती मुलाने वहीत आठवडाभर टिपली की पाऊणकीचा पाढा, चंद्राच्या कला आणि तुमचं चालणं एकाच फेरीत होतं. हा धडा कुठल्या पुस्तकात शोधू नका.

पण थांबा. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'मिस्टर घरूनच कंपनीचं काम करतात.' एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात. ते दार लावून काम करतात आणि तुम्ही दार उघडं टाकून, फरक तेवढाच. आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी पाऊण तास मुलं त्यांच्याकडे. त्यांनी काय शिकवावं, कसं शिकवावं यात लक्ष घालायचं नाही. पत्ते खेळले तरी चालेल. मुलांबरोबरची चाल हा तुमचा तास खरा, पण तिथेही तुम्ही बाईच असता, शिट्टी गळ्यातच असते. गप्प चालायला तुम्हाला तीन संध्याकाळचे हे पाऊण पाऊण तास हवेत. चालताना फोनवर बहिणीशी बोललात तरी मी काही म्हणणार नाही.

पावसाळ्याचं म्हणता तर माझीच फजिती सांगते. वयाच्या ४६व्या वर्षी मला कळलं की मी पीटीची बाई असून वर्षानुवर्षं आंब्याखाली उभी राहून नुसती शिट्टी वाजवते आहे. लगेच पेटून उठले. जुलै महिना, पायात सपाता, पहिल्याच दिवशी तासभर चालायचं ठरवलं. तिसऱ्या पायरीवर शेवाळं. मनगट मोडलं आणि दीड महिना सगळी शाळा मला "बाई, कशा पडलात?" विचारत होती. तेव्हा पाऊस लागला की पाखाडी बंद. पडवीत या. लेझीम मिळाली तर उत्तम, वीस मिनिटांत घाम निघतो. फुगडी, झिम्मा, कोंबडा आहेतच, फक्त कंबर बरी होईपर्यंत तुम्ही झिम्म्यावरच थांबा. आणि श्रावणात वाडीवर जाखडीच्या तालमी सुरू होतात, तिकडे पोरांना पाठवा. गणपतीत नाचायचं म्हटल्यावर त्यांना रोज हाक मारावी लागत नाही. तुम्हीही ठेका शिकून घ्या. बायका काय म्हणतील? एक-दोन दिवस म्हणतील, मग त्याही येतील.

आता ताटाकडे वळते. चार गोष्टी सांगते, त्यातली पहिली सगळ्यात अवघड आहे. मुलांच्या ताटात उरलेलं खाणं बंद. अर्धी पोळी, दोन घास भात, शिऱ्याचा कोपरा, हे तुमच्या पोटात जातं आणि हिशोबात येत नाही. अन्न टाकणं जिवावर येतं, मला माहीत आहे. म्हणून आधी कमी वाढा, लागलं तर पुन्हा वाढा. तरी उरलं तर गोठ्यातली बादली आहे.

चहा. तुम्ही किती कप पिता ते लिहिलं नाहीत, म्हणजे चार-पाच तरी असणार. कपाला दोन चमचे साखर धरली तर पाच कपांत दहा चमचे, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाची मर्यादा २५ ग्रॅमच्या आसपास ठेवलेली आहे. दोन कप ठेवा, कपाला अर्धा चमचा. आणि खारी म्हणजे मैदा आणि तूपसदृश काहीतरी. चारच्या भुकेला मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे, नाहीतर दुपारच्या मोडाच्या उसळीतली वाटीभर बाजूला ठेवलेली. ती भूक तरी का लागते? कारण तुम्ही तीनला जेवता. साडेअकराला पाटी मिटलीत तर साडेबाराला सगळे एकत्र बसाल, तुम्हीही. जेवण झाल्यावर लगेच पंगत आवरायची नाही. दहा-पंधरा मिनिटं अंगणात, वाडीत फेऱ्या. जेवणानंतरची साखर चढते ती या फेऱ्यांनी कमी चढते, आणि तुमचा ६.१चा आकडा बघता हे तुमच्या उपयोगाचं आहे. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पायरी. इथून परत फिरता येतं. पण मी पीटीची बाई आहे, डॉक्टर नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पुढची तपासणी कधी करायची ते विचारून या.

स्वयंपाकातला वेळ वाचवायचा तर कुळथाच्या पिठीसारखी मैत्रीण नाही. लसणाची फोडणी, पाणी, पीठ, दोन आमसुलं, दहा मिनिटांत तयार. शंभर ग्रॅम कुळथात बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आणि आपण तिला गरिबाचं जेवण म्हणून पाहुण्यांपासून लपवतो! ताटात अर्धी भाजी, मग पिठी, उसळ किंवा मासा, आणि उरलेल्या जागेत भात. आपल्याकडे उलटं असतं, भाताचा डोंगर आणि पायथ्याशी भाजी. एका वेळी भाताऐवजी नाचणीची भाकरी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पावसाच्या सुरुवातीला टाकळा, भारंगी, कुर्डू परड्यात फुकट उगवतात. मुलांना घेऊन ओळखून तोडा, मात्र सासूबाईंनी बघितल्याशिवाय कढईत घालू नका. हा तास त्यांचा.

एक जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि घरोघर सुकं निघतं. खारवलेल्या बांगड्यात मीठ भरपूर असतं. दिवसभरात एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा चमचाभर, ठेवायचं आहे. तेव्हा खारवलेलं आधी पाण्यात भिजवून ते पाणी फेका आणि त्या दिवशी लोणचं-पापड नको. नारळी पौर्णिमेनंतर ताजा बांगडा येईलच.

बाई, नमस्कार.

मी मालवण तालुक्यात दोन खोल्या पाहुण्यांना देतो. बायको नोकरीला जाते, म्हणून अकरा वर्षांच्या मुलीला घरी मीच शिकवतो. दिवाळी ते मे हंगाम. पाहुण्यांबरोबर तळलेली सुरमई, कोंबडी-वडे, जेवायला रात्रीचे साडेदहा-अकरा. पोट सुटलंय. व्यायामशाळा १४ किलोमीटर लांब. हप्त्यावर चालण्याचं मशीन घेऊ का?

एक बाबा

नका घेऊ. खाऱ्या हवेत ते दोन पावसाळ्यांत गंजेल आणि त्यावर पाहुण्यांचे टॉवेल वाळत पडतील. मी अशी दोन मशीनं डोळ्यांनी बघितली आहेत.

तुमचा घोळ व्यायामाआधी जेवणाच्या वेळेत आहे. मुलगी साडेसातला जेवते ना? तिच्याबरोबर जेवा. पाहुण्यांना वाढताना पोट भरलेलं असलं की वडा उचलायला हात जात नाही. कुणी आग्रह केला तर सोलकढी घेऊन बसा, एक वाटी, चार नव्हे. सुरमई पाहुण्यांना, बांगडा घरच्यांना, आणि तोही तव्यावर चमचाभर तेलात किंवा तिरफळं घालून कालवणात. शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं त्यातही मिळतात, भाव काय तो निम्म्याहून कमी.

विहिरीला अजून रहाट असेल तर आठवड्यातून दोन दिवस पंप बंद ठेवा. तुम्ही शेंदा, मुलीने कळश्या मोजून लिटरचा हिशोब मांडायचा. पाहुण्यांनाही शेंदायचं असेल तर शेंदू द्या. फोटो काढून घेतील आणि तुमच्या दहा कळश्या वाचतील. नकोच पण. त्या तुम्हीच काढा.

बाई,

माझी आई मला घरी शिकवते. मी १० वर्षांचा आहे. मी समुद्रावर पळतो तेव्हा ती बसून राहते. ती पळावी म्हणून काय करू?

दापोली तालुका (पोस्टकार्ड, नाव लिहिलेलं नाही)

शाब्बास. अक्षर छान आहे, शुद्धलेखनही.

आईला "पळ, पळ" म्हणू नकोस. तसं म्हटलं की मोठी माणसं बसूनच राहतात. वाळूत दोन सुरूच्या झाडांमध्ये खूण कर. आईच्या हातात घड्याळ दे आणि सांग, "माझी वेळ लाव." दोन दिवस तिलाच लावू दे. तिसऱ्या दिवशी घड्याळ आपल्याकडे घे आणि म्हण, "आता तुझी." ती म्हणेल, मला नाही जमत. तू म्हण, "चालत जा, मी चालण्याची वेळ लावतो." चालण्याचा आकडा वहीत लिही, शेजारी तारीख टाक. दुसऱ्या दिवशी काही न बोलता वही तिच्यासमोर उघडून ठेव.

आठवड्याचे आकडे मला पाठव. आईचे खरे लिही, कमी करून नकोत. पुढच्या पत्रावर नाव घाल.